गोडाऊनपासून वसुलीपर्यंत: भोसरीतल्या नट-बोल्ट सप्लायरकडे काम शिकताना

भोसरी एमआयडीसीत नट, बोल्ट, वॉशर, अ‍ॅलन स्क्रू (डोक्यात षटकोनी खाच असलेले) असा माल पुरवणाऱ्या छोट्या पेढ्या बऱ्याच आहेत. एक गाळा, वर पोटमाळा, पुढे काउंटर, मागे रॅक, दारात एक टेम्पो आणि सहा-सात माणसं. माल लुधियाना, राजकोट किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून येतो आणि भोसरी, तळवडे, चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत जातो. अशाच एका पेढीत मी काम शिकलो, आणि ज्या क्रमाने शिकलो त्याच क्रमाने इथे लिहितो आहे, कारण तो क्रम बरोबर होता. आधी आवक, मग रॅक, मग पॅकिंग, मग बिल. विक्रीचा फोन सगळ्यात शेवटी हातात आला.

फोनपासून सुरुवात केलेला माणूस "आहे, उद्या पाठवतो" म्हणायला पटकन शिकतो. पण रॅकमध्ये खरंच काय आहे, त्यातलं किती दुसऱ्या पार्टीसाठी राखून ठेवलंय, किती रिजेक्शनचं पडलंय, हे त्याला ठाऊक नसतं. या धंद्यात माल आणि कागद एकाच वेळी हलले पाहिजेत. जवळजवळ प्रत्येक गोंधळाचा माग काढला की तो एकाच जागी पोचतो: माल पुढे गेला आणि कागद मागे राहिला, किंवा कागद झाला आणि माल हललाच नाही.

माल ओळखणं

पहिले काही आठवडे हातात व्हर्निअर, पिच गेज आणि झाडू. नुसतं "आठचा बोल्ट" असं काही नसतं. एका बोल्टला व्यास, लांबी, पिच (दोन आट्यांमधलं अंतर), ग्रेड (ताकदीचा दर्जा), फिनिश आणि आटे पूर्ण की अर्धे, एवढ्या सहा गोष्टी लागतात. एम ८, म्हणजे ८ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टचा, साधा पिच १.२५ मिलिमीटर, एम १० चा १.५, एम १२ चा १.७५, एम १६ चा २. पण एम १० हा १.२५ च्या बारीक पिचमध्येही येतो आणि गाड्यांचे भाग करणाऱ्यांकडे तोच जास्त लागतो. दोन्ही बोल्ट शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक पटकन दिसत नाही. १.५ चा नट १.२५ च्या बोल्टवर एक-दोन फेरे जातो आणि अडकतो. तिथे जोर लावला की आटे गेले.

लांबी मोजायचीही रीत आहे. हेक्स आणि अ‍ॅलन बोल्टची लांबी डोक्याच्या खालून मोजतात, पण काउंटरसंकची (ज्याचं डोकं पृष्ठभागात बुडतं) डोक्यासकट. नवा माणूस काउंटरसंकची लांबी डोकं सोडून मोजतो आणि ३० चा माल २५ च्या खान्यात टाकतो.

आटे पूर्ण असले तर डीआयएन (जर्मन मानक) ९३३, अर्धे असले तर ९३१, अ‍ॅलन म्हणजे ९१२. बाजारात हेच आकडे बोलतात. याच बोल्टांचे आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक) नंबर वेगळे आहेत आणि काही मापांत पान्याचा आकारसुद्धा वेगळा आहे. एम १० ला डीआयएनप्रमाणे १७ चा पाना लागतो, आयएसओप्रमाणे १६ चा. एम १२ ला १९ आणि १८. ग्राहकाच्या लाइनवर हवेच्या गनला १७ चा सॉकेट बसवलेला असेल आणि आपण १६ च्या डोक्याचा बोल्ट दिला, तर बोल्ट एक नंबरचा असूनही पूर्ण लॉट परत येतो. त्यामुळे ऑर्डरवर फक्त "एम १० × ४० एचटी" (एचटी म्हणजे हाय टेन्साइल, जास्त ताकदीचा) लिहिलं असेल तर डोकं किती मिलिमीटरचं हवंय, हे विचारूनच माल काढायचा.

ग्रेड डोक्यावर वाचायचा. बाजारात ज्याला एमएस (माइल्ड स्टील) म्हणतात तो बहुतेक ४.६, एचटी म्हणजे ८.८, अ‍ॅलन बहुतेक १२.९. ८.८ मधला पहिला आकडा १०० ने गुणला की नाममात्र ताणशक्ती, म्हणजे ८०० मेगापास्कल. दुसरा आकडा सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० ला, बोल्ट कायमचा ताणला जायला लागतो. एम ५ आणि त्यापुढच्या हेक्स बोल्टच्या डोक्यावर ग्रेड आणि बनवणाऱ्याची खूण, दोन्ही असायला हवेत. नुसतं ८.८ आहे आणि बनवणाऱ्याची खूण नाही, असा माल स्वस्त मिळाला तरी रॅकवर चढवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे काही तुटलं तर तो कुणी बनवला, हे सांगायला आपल्याकडे काहीच नसतं.

फिनिशबद्दलही एक गोष्ट कायम ध्यानात ठेवावी. १०.९ आणि १२.९ चा बोल्ट दिसायला चांगला म्हणून बाहेर साध्या झिंक प्लेटिंगला देऊ नये. प्लेटिंगच्या वेळी पोलादात हायड्रोजन शिरतो आणि प्लेटिंगनंतर लगेच काही तास भट्टीत ठेवून तो बाहेर काढला नाही, तर आवळलेला बोल्ट एक-दोन दिवसांनी कसलाही इशारा न देता डोक्याखाली तुटतो. ग्राहक "१२.९ झिंकमध्ये द्या" म्हणाला, तर प्लेटिंगवाल्याकडून बेकिंगचा लेखी रिपोर्ट घ्यायचा, नाहीतर काळ्या फिनिशचाच माल द्यायचा.

आवक

ट्रान्सपोर्टचा माल आला की पहिला कागद बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती. तिच्यावर नग किती आणि वजन किती लिहिलंय ते पाहायचं आणि पेट्या गाडीतून उतरतानाच मोजायच्या. पेटी फुटलेली, ओली किंवा कमी असेल, तर सही करण्याआधी बिल्टीच्या दोन्ही प्रतींवर ते लिहायचं: "२ पेट्या फुटलेल्या, १ कमी". ड्रायव्हर घाई करतो, हमाल पुढच्या गाडीकडे निघालेले असतात, पण कोरी सही दिली की ट्रान्सपोर्टकडे मागायला काहीच उरत नाही.

त्यानंतर तीन कागद शेजारी ठेवायचे: आपली खरेदी ऑर्डर, सप्लायरचं बिल आणि प्रत्यक्ष पेटीवरचं लेबल. तिन्हींवर माप, ग्रेड, फिनिश आणि संख्या सारखीच असली पाहिजे. टेस्ट सर्टिफिकेट मागवलं असेल, तर त्यावरचा हीट नंबर (पोलादाच्या एका वितळणीचा नंबर) किंवा लॉट नंबर पेटीवरच्या नंबराशी जुळवायचा. सर्टिफिकेट आलं, पण दुसऱ्याच लॉटचं, हे बरेचदा होतं आणि ते आपल्या दारात पकडलं नाही तर ग्राहकाचा क्वालिटीवाला पकडतो.

जुळवणी झाली की प्रत्येक मापाच्या वेगवेगळ्या पेट्यांतून थोडे नग काढून रिंग गेज (आटे तपासायची कडी) लावायचं. 'गो' बाजू हाताने सरळ जायला हवी आणि 'नो-गो' बाजू दोन फेऱ्यांपलीकडे जायला नको. झिंकचा थर जाड बसला की 'गो'च जात नाही. म्हणून प्लेटिंग केलेल्या मालाचं गेजिंग टाळता येत नाही.

हे सगळं होईपर्यंत माल आवकेच्या पिवळ्या पट्टीच्या आतच राहतो. जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) बनला, टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) चढला, की मगच रॅकवर. पाळायला सगळ्यात अवघड जातो तो हाच नियम. गाडी येते तेव्हाच ग्राहकाचा टेम्पो दारात उभा असतो आणि "दोन पेट्या इथूनच द्या, एंट्री नंतर करू" असं कुणीतरी म्हणतं. त्या दोन पेट्यांचं विक्री बिल आधी बनतं, खरेदी नंतर चढते, टॅलीत तो आयटम उणे दाखवतो, आणि नंतर खरेदी चढवणारा पेट्या मोजायला जातो तेव्हा त्याला दोन कमी सापडतात. तो सप्लायरला शॉर्टेजची डेबिट नोट (कमी मालाचे पैसे वजा करणारा कागद) पाठवतो. सप्लायरकडे वजनकाट्याची पावती असते. अशी भांडणं महिनोन्महिने चालतात.

मोजणी

नट-बोल्ट कुणी एकेक करून मोजत नाही. मोजणीचा काटा असतो. काही नमुना नग ठेवायचे, त्यांची संख्या दाबायची, की काटा एका नगाचं वजन काढतो आणि पुढे सगळं त्याच हिशोबाने मोजतो. चूक होते ती नमुन्यात. समजा, एम ८ × २५ चा एक बोल्ट १४.४ ग्रॅमचा आहे आणि काटा १ ग्रॅमपर्यंतच वाचतो. १० बोल्ट ठेवले तर वजन १४४ ग्रॅम आणि वाचनात अर्ध्या ग्रॅमपर्यंत फरक पडू शकतो, म्हणजे साधारण ०.३५ टक्के. ५,००० च्या मोजणीत तो फरक १७ नगांपर्यंत जातो. नमुना १०० चा घेतला तर तोच फरक दोन नगांच्या आत येतो. म्हणून नमुना १०० चाच घ्यायचा, आणि तो हाताने दोनदा मोजायचा.

लॉट बदलला की नमुना पुन्हा घ्यायचा. डोक्याची उंची किंवा प्लेटिंगचा थर थोडा कमी-जास्त असला की एका नगाचं वजन बदलतं. मागच्या लॉटचं वजन काट्याच्या मेमरीत ठेवून नवा लॉट मोजला की ग्राहकाकडे ४०-५० नग कमी निघतात आणि आपण शपथेवर सांगतो की बरोबर मोजले होते. क्रेटचं वजन वजा करायला विसरणं ही याच जातीची चूक. रिकामे क्रेट एकाच बनावटीचे असले तरी वजन सारखं नसतं, म्हणून प्रत्येक क्रेटवर त्याचं वजन मार्करने लिहून ठेवतात. आणि काट्यावर वैधमापन खात्याचा त्या वर्षाचा शिक्का आहे ना, हेही पाहायचं. या काट्यांची फेरतपासणी दर वर्षी असते.

खरेदी किलोवर आणि विक्री नगावर, हा दुसरा खड्डा. नट आणि वॉशर बऱ्याचदा किलोने येतात. टॅलीत आयटमला पर्यायी एकक देता येतं, पण "१ किलो = इतके नग" हा आकडा एकदा टाकून कायमचा चालवला तर वर्षअखेरीला वॉशरचा स्टॉक कधीच जुळत नाही. आवकेच्या वेळीच प्रत्यक्ष मोजून नगांत चढवावं. वेळ जातो, पण दुसरा मार्ग मला तरी दिसलेला नाही.

रॅक

प्रत्येक खान्याला पत्ता असतो: ओळ, रॅक, मजला, खाना. ब-३-२-५ म्हटलं की कुणीही डोळे झाकून पोचला पाहिजे. जास्त चालणारा माल दाराजवळ, कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर. एम २० आणि त्यापुढचा जड माल तळाशी, कधीच वर नाही. वर्षातून दोनदा हलणारा माल पोटमाळ्यावर.

मापाच्या क्रमाने रॅक लावणं दिसायला छान वाटतं, पण एम ८ × २५ शेजारी एम ८ × ३० आला की माल मिसळतो. सारखी दिसणारी मापं जाणूनबुजून लांब ठेवावीत, निदान मधे वेगळ्या जातीचा खाना असावा. एम १० × १.२५ आणि एम १० × १.५ तर वेगवेगळ्या रॅकवर, आणि बारीक पिचच्या क्रेटला वेगळा रंग. सगळ्या पेढीत पैसा वाया जाण्याची सर्वांत मोठी जागा हीच आहे, त्यामुळे थोडं सविस्तर सांगतो.

मिसळलेला माल पेटी उघडताना क्वचितच येतो. तो येतो परत ठेवताना. ५०० हवे होते, क्रेट खाली आणला, ५०० मोजून घेतले, टेबलावर १२ उरले. ते १२ कुणीतरी जवळच्या खान्यात टाकले. पुढे महिनाभराने त्या खान्यातून १,००० नग जातात आणि त्यांत १२ लांब बोल्ट असतात. ग्राहकाच्या लाइनवर लांब बोल्ट आंधळ्या (आरपार नसलेल्या) भोकाच्या तळाला टेकतो, गन टॉर्क (आवळण्याचा जोर) दाखवते, पण डोकं पृष्ठभागावर बसलेलंच नसतं. लाइन थांबते, आणि १२ बोल्टांपायी आपल्याला पूर्ण लॉट निवडून द्यायला दोन माणसं तिकडे पाठवावी लागतात. त्यांची मजुरी आणि लाइन थांबल्याचा दंड, दोन्ही आपल्याच नावावर.

उपाय सोपा आहे, पाळायला कंटाळवाणा आहे. टेबलावर उरलेला सुटा माल कुणीही थेट खान्यात टाकायचा नाही. तो लाल ट्रेमध्ये जातो, संध्याकाळी एकच ठरलेला माणूस व्हर्निअर आणि पिच गेज घेऊन प्रत्येक नग तपासतो आणि मग जागेवर ठेवतो. जमिनीवर पडलेला बोल्ट भंगारात, मग तो कितीही चांगला दिसो.

जून ते सप्टेंबर गोडाऊन वेगळं वागतं. पेट्या जमिनीवर नाहीत, लाकडी पॅलेटवर, आणि भिंतीपासून हातभर लांब. काळ्या फिनिशचा अ‍ॅलन उघड्या क्रेटमध्ये राहिला की पावसाळ्यात त्यावर तांबूस गंज धरतोच. तो तेल लावून, गंजरोधक कागदात, बंद पिशवीत ठेवावा. झिंकवर पांढरी भुकटी दिसली तर ती प्लेटिंगची चूक असेलच असं नाही. बऱ्याचदा ओल्या पुठ्ठ्यात बंद राहिल्याने होते. घामेजल्या हाताने मोजलेल्या बोल्टांवर बोटांचे ठसे गंजतात, म्हणून मोजणाऱ्याच्या हातात मोजे असावेत.

प्रत्येक खान्याला बिन कार्ड असावं. टॅली असूनही. तारीख, आवक, जावक, शिल्लक, सही. कॉम्प्युटरवरचा आकडा चुकला की नेमका कोणत्या दिवशी चुकला, हे कार्डच सांगतं. रोज १०-१५ खाने मोजायचे, शिल्लक शून्याजवळ आलेले आधी, कारण ते मोजायला दोन मिनिटं लागतात आणि चूक तिथेच स्पष्ट दिसते. ही सवय असेल तर ३१ मार्चची मोजणी एका दिवसात उरकते.

माल काढणं आणि गेटपर्यंत पोचवणं

ऑर्डर आली की पिकिंग स्लिप निघते. ती पीओच्या (ग्राहकाच्या खरेदी ऑर्डरच्या) क्रमाने नाही, रॅकच्या क्रमाने काढली तर माणूस एकाच फेरीत सगळा माल गोळा करतो. काढणारा प्रत्यक्ष संख्या लिहितो आणि तपासणारा दुसरा असतो. लहान पेढीत दुसरा माणूस मोकळा नसतो, तरी बिल बनवणाऱ्याने निदान माप आणि ग्रेड डोळ्यांनी बघावं.

पिशव्या १०० किंवा २०० च्या, प्रत्येक पिशवीवर ग्राहकाचा पार्ट नंबर. आपला कोड त्याच्या स्टोअरमध्ये कुणाला कळत नाही. पेटी २५ किलोच्या पुढे भरायची नाही. पाच थरांचा पुठ्ठा असला तरी बोल्टांचं वजन तळाच्या चिकटपट्टीवर येतं आणि पेटी उचलताना खालून फाटते, म्हणून तळाला पट्टी आडवी-उभी दोन्ही बाजूंनी मारायची.

बिलाच्या तीन प्रती: ग्राहकाची मूळ, वाहतुकीची दुसरी, आपली तिसरी. नट-बोल्टचा एचएसएन (जीएसटीतला मालाचा कोड) ७३१८, जीएसटी १८ टक्के. बिलावर पीओ नंबर, तारीख, व्हेंडर कोड, पार्ट नंबर आणि दर, सगळं पीओवर जसं आहे अगदी तसंच. दर चार पैशांनी वेगळा असला तरी मोठ्या कारखान्यात स्टोअरवाल्याला एंट्री घेता येत नाही, सिस्टिम अडवते, आणि टेम्पो गेटवरून परत. आयटमचा क्रमही पीओसारखाच ठेवला तर त्याचं काम हलकं होतं आणि आपला टेम्पो लवकर सुटतो.

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल जात असेल तर ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) १ लाख रुपयांच्या पुढे लागतं, परराज्यात जात असेल तर ५० हजारांच्या पुढे. ही रक्कम जीएसटी धरून. वैधता दर २०० किलोमीटरला एक दिवस. चूक होते ती टेम्पो बिघडल्यावर. माल दुसऱ्या गाडीत टाकला जातो आणि ई-वे बिलाच्या भाग 'ब' मधला गाडीचा नंबर बदलायचा राहतो. वाटेत गाडी अडवली तर माल, बिल, सगळं बरोबर असूनही दंडाची नोटीस निघते. उलाढाल ५ कोटींच्या वर गेलेल्या पेढीला ई-इनव्हॉइसही (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) लागतं आणि ते पोर्टलवर २४ तासांच्या आतच रद्द करता येतं. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी बिल बनवून माल सोमवारी पाठवायची सवय सोडलेली बरी. सोमवारी स्टोअरने माल नाकारला तर क्रेडिट नोटशिवाय (बिलाची रक्कम कमी करणाऱ्या कागदाशिवाय) मार्ग राहत नाही.

वेळेचं गणित इथलंच आहे. भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते. बाहेरगावचा सप्लायर रविवार धरून माल सोडतो आणि गाडी गुरुवारी बंद गाळ्यासमोर उभी राहते. बऱ्याच कारखान्यांत मटेरियल गेट दुपारनंतर ठरलेल्या वेळी बंद होतं आणि महिन्याच्या शेवटच्या एक-दोन दिवसांत स्टॉकमोजणीसाठी आवक घेतच नाहीत. ज्येष्ठ वद्यात देहूची पालखी आकुर्डीवरून आणि आळंदीची दिघीवरून पुढे जाते. त्या दिवसांत रस्ते बंद असतात, म्हणून त्या आठवड्याचा माल आदल्या आठवड्यातच पोचवायचा.

गेटवर मिळणारा इनवर्डचा शिक्का हा सबंध प्रवासातला सर्वांत किमती ठसा. शिक्का, तारीख आणि नंबर असलेली प्रत ड्रायव्हरने संध्याकाळी परत आणलीच पाहिजे आणि ती त्याच दिवशी स्कॅन झाली पाहिजे. तीन महिन्यांनी "तुमचा माल आलाच नाही" असं उत्तर आलं, की हाच एक कागद कामाला येतो.

रिजेक्शन परत आलं तर ते ग्राहकाच्या चलनावरच यावं. लाल क्रेटमध्ये, कुलपाच्या जाळीत. कारण ठरेपर्यंत ते चांगल्या मालाच्या रॅकजवळही फिरकू द्यायचं नाही.

दर आणि ऑर्डर

हे सगळं हाताखालून गेल्यावर फोन. आता "एम ८ × २५ एचटी ५०० नग" असं ऐकलं की तोंडातून आपोआप प्रश्न येतात: आटे पूर्ण की अर्धे, झिंक पांढरं की पिवळं, नट-वॉशर सोबत का, सर्टिफिकेट लागेल का, कधीपर्यंत. आणि "आहे" म्हणण्याआधी टॅलीतल्या शिल्लकेतून आधीच राखून ठेवलेल्या ऑर्डरी वजा करायच्या.

दर काढताना फक्त खरेदीवर टक्के लावून भागत नाही. समजा, लिस्टचा (छापील) दर १०० नगांना १,००० रुपये, सूट ४० टक्के, म्हणजे ६००. भाडं १२, पिशव्या-पेटी ६. पडता दर ६१८. विकलं ७२० ला. वरकरणी १०२ सुटले. पण माल सरासरी ४५ दिवस रॅकवर राहिला, ग्राहकाने ७५ दिवसांनी पैसे दिले आणि आपण सप्लायरला ३० दिवसांनी दिले, तर ९० दिवस आपले पैसे अडकले. बँकेच्या सीसीचं (कॅश क्रेडिट कर्जाचं) व्याज १२ टक्के धरलं तर १८ रुपये गेले, उरले ८४. तोच माल सहा महिने पडून राहिला तर व्याज ४५ च्या वर जातं आणि हातात ५६ राहतात. त्यातून गाळ्याचं भाडं, पगार, डिझेल. शिवाय जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरावाच लागतो, ग्राहकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. म्हणून ३० दिवसांच्या पार्टीला आणि ९० दिवसांच्या पार्टीला एकच दर देणं म्हणजे पहिल्याच्या खिशातून दुसऱ्याला व्याज देणं.

पुन्हा मागवायची पातळी काढायला रोजचा खप आणि माल यायला लागणारे दिवस एवढंच लागतं. रोज ४०० नग जातात आणि लुधियानाहून माल यायला १२ दिवस लागतात, तर ४,८००. त्यावर सहा दिवसांचा राखीव साठा २,४००. शिल्लक ७,२०० ला आली की ऑर्डर टाकायची. दिवाळी ते छठ या काळात तिकडच्या कारखान्यांतले कामगार गावी जातात, म्हणून सप्टेंबरअखेर हा १२ चा आकडा वाढवून पुन्हा हिशोब करायचा. बारा महिने न हललेला माल वेगळा काढून त्याची यादी दर तिमाहीला फोनवाल्यासमोर ठेवायची. डेड स्टॉक बहुतेक एकाच ग्राहकाच्या खास मापासाठी आणलेला असतो. खास माप पीओशिवाय मागवायचं नाही आणि पीओवर "पूर्ण संख्या उचलणार" असं लिहून घ्यायचं.

वसुली

इथे बऱ्याच व्यापाऱ्यांचा एक गैरसमज असतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ४५ दिवसांत पैसे मिळालेच पाहिजेत, हे खरं आहे. पण नुसता व्यापार करणाऱ्यांची उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) फक्त बँकेच्या प्राधान्यक्षेत्रातल्या कर्जासाठी ग्राह्य आहे. उशिराच्या पेमेंटवरचं संरक्षण त्यांना मिळत नाही. उलट, आपण ज्या छोट्या कारखानदाराकडून माल घेतो त्याला ते मिळतं. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. आयकर कायदा, १९६१ च्या कलम ४३बी (एच) मुळे २०२४-२५ च्या कर-आकारणी वर्षापासून, मुदतीत न दिलेली ही रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी खर्चात धरता येते. म्हणजे मार्चअखेरीला आपली येणी ९० दिवसांवर आणि देणी ४५ दिवसांवर. उत्पादकाची बिलं आधी चुकवायची, म्हणून फेब्रुवारीतच रोकड बाजूला काढावी लागते.

वसुलीचा फोन मुदत उलटल्यावर करणं उशिराचं. माल पोचल्यावर दोन-तीन दिवसांत "जीआरएन झाला का" एवढंच विचारायचं, कारण पेमेंटची मुदत बहुतेक ठिकाणी जीआरएनच्या तारखेपासून मोजतात. जीआरएन अडला असेल तर कारण त्याच वेळी सुटतं: एखादं सर्टिफिकेट, चुकलेला पार्ट नंबर, दोन पिशव्यांचा फरक. त्यानंतर आपलं बिल जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या विवरणपत्रात) ११ तारखेच्या आत गेलंय ना, ते पाहायचं. ते गेलं नाही तर ग्राहकाच्या २बी मध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या त्याच्या तक्त्यात) खरेदीवरच्या कराचं क्रेडिट दिसत नाही आणि त्याचा अकाउंटवाला निदान कराएवढी रक्कम रोखतो.

दर तिमाहीला दोन्हीकडची खाती जुळवायची. फरक बहुतेक तीनच जागी सापडतो: त्यांनी शॉर्टेजची डेबिट नोट टाकलेली आणि आपल्याला कळवलेली नसते, आपण क्रेडिट नोट दिलेली आणि त्यांनी चढवलेली नसते, किंवा वर्षात ५० लाखांपुढच्या खरेदीवर मोठा ग्राहक ०.१ टक्का टीडीएस कापतो तो आपल्याकडे येणे म्हणूनच दिसत राहतो. तिसरा फरक २६एएस (आयकर खात्याकडचं आपल्या टीडीएसचं विवरण) उघडून पाच मिनिटांत मिटतो. पहिल्यासाठी डेबिट नोटचा नंबर मागून घ्यायचा, त्या दिवसाची पिकिंग स्लिप आणि इनवर्डची शिक्क्याची प्रत काढायची, आणि कमी नग खरंच आपल्याकडून गेले असतील तर त्याच दिवशी क्रेडिट नोट द्यायची.